शाश्वत

शाश्वत : ‘सस्टेनेबल’ या इंग्रजी विशेषणाचा रूढ मराठी पर्याय, मूळ साधनस्रोत न आटवता पुढेही चालू राहू शकणारा (वापर, उत्पादन, विकास).

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘धरून ठेवणे, पेलणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. आजचा अर्थ पर्यावरण व विकासविषयक ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने रुजवला : भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता न घटवता वर्तमान गरजा भागवणे. संयुक्त राष्ट्रांची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे २०१५ ची (पहा : शाश्वत विकास).

संस्कृतात शाश्वत म्हणजे नित्य, अविनाशी. मराठवाड्यात मात्र औसा तालुक्यासारख्या कोरडवाहू भागात ‘शाश्वत पाणी’ म्हणजे खात्रीचे, उन्हाळ्यातही न आटणारे पाणी. हा ‘खात्रीचा’ अर्थ व ‘साधनस्रोत न आटवणारा’ हा अर्थ नेहमी जुळत नाहीत : बोअरच्या पाण्यावरचा ऊस शेतकऱ्याला खात्रीचे उत्पन्न देतो, पण उपसा पुनर्भरणाहून जास्त झाला की भूजल खालावते (पहा : भूजल, ऊस). याच भागातील लातूर शहराला एप्रिल २०१६ च्या पाणीटंचाईत मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सोयाबीन-तुरीचे आंतरपीक, रुंद वरंबा-सरी व बांधबंदिस्ती या पद्धती शाश्वत शेतीत मोडतात (पहा : कोरडवाहू शेती). शासकीय मजकुरात हे विशेषण बरेच सैल वापरले जाते.