भूप्रक्षेपित डिजिटल दूरचित्रवाणी (पालघर, बोईसर-तारापूर)

डिश किंवा केबलशिवाय, जमिनीवरील मनोऱ्यावरून येणारे डिजिटल प्रक्षेपण साध्या अँटेनाने घेण्याची पद्धत. पालघरच्या किनारपट्टीत तिचे भवितव्य अंतराशी बांधलेले आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. प्रक्षेपणाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे दहा मीटर उंच अँटेनापर्यंत त्यांची मजल साधारण ८४ किलोमीटर भरते. वरळीपासून पालघरचे हवाई अंतर सुमारे ७७ किलोमीटर, बोईसरचे ८८, तारापूरचे ९४. पालघर जेमतेम आत, बाकी दोन्ही गावे बाहेर. जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात संदेश क्षीण झाला तरी मुंग्यांआडून चित्र दिसे. डिजिटलमध्ये तो ठरावीक पातळीखाली गेला की चित्र थिजते, मग जातेच.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ या मानकाचे डिजिटल प्रक्षेपण आणले. मात्र मासिक शुल्काविना चालणारी, उपग्रहावरून येणारी डीडी फ्री डिश २००४ पासून होतीच. घरोघरी तीच पोचली. मोक्याची काही केंद्रे वगळून अ‍ॅनालॉग प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत थांबवायचे प्रसार भारतीने ठरवले.

पुढचा टप्पा ‘डायरेक्ट टू मोबाइल’ (डी२एम), म्हणजे मनोऱ्यावरचे प्रक्षेपण थेट फोनवर घेणे. दक्षिण कोरियात २०१७ पासून वापरात असलेल्या एटीएससी ३.० या प्रक्षेपण मानकावर तो आधारलेला आहे. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांनी त्यावर काम केले. बंगळुरू व दिल्ली परिसरात चाचण्या झाल्या. सिम किंवा डेटा लागत नाही, पण फोनमध्ये वेगळी चिप लागते. तिच्या खर्चावर सॅमसंग, क्वालकॉम यांनी २०२३ मध्ये हरकत घेतली.

या भागासाठी डी२एमचे खरे मोल करमणुकीपलीकडचे आहे. तारापूरचे १९६९ पासूनचे अणुवीजकेंद्र, बोईसरचे रासायनिक कारखाने, सातपाटीसारखी मच्छीमार गावे आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जाणवणारे भूकंपाचे धक्के, हे सारे एकाच जिल्ह्यात. संकटात सगळे एकदम फोन लावतात आणि मोबाइल जाळे तुंबते. प्रक्षेपण मात्र एकाने घेतले काय, लाखाने घेतले काय, तेवढेच राहते. त्यासाठी वरळीवर विसंबून चालणार नाही. एकाच वारंवारतेवर जुळवून चालवलेली, वीज गेली तरी बॅटरीवर टिकणारी छोटी केंद्रे पालघर आणि बोईसरलाच उभी करावी लागतील.