प्रद्रव्यपटलाची पार्यता
* पार्यता म्हणजे पटलातून पदार्थ आरपार जाऊ देण्याची क्षमता. शाळेच्या प्रयोगशाळेत ती बीटच्या चकत्यांवर तपासतात, कारण बीटासायनिन हे लाल रंगद्रव्य पेशीतील रिक्तिकेत साठलेले असते आणि रिक्तिकेचे आवरण व प्रद्रव्यपटल ही मेद-प्रथिनांची दोन्ही पटले शाबूत असेपर्यंत ते सहसा बाहेर झिरपत नाही. पाणी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपलीकडे तापवले, की पटलातील प्रथिनांची घडी मोडते, तर अल्कोहोलमुळे मेदाचा थर विस्कळीत होतो, आणि भोवतालचा द्रव लाल होतो. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधी धुऊन काढावा लागतो. ही पायरी वगळून घेतलेली निरीक्षणे निरुपयोगीच समजावीत. हिंगणघाटसारख्या, मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जाणाऱ्या गावी नळाच्या पाण्याचे तापमान गृहीत न धरता तापमापीने मोजून नोंदवावे.