पडद्यावरील साहित्येतिहास : व्लाहो बुकोवाच

झाग्रेबच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी व्लाहो बुकोवाच (१८५५-१९२२) या चित्रकाराने दर्शनी पडद्यावर रंगविलेला प्रसंग इतिहासात कधीच घडलेला नाही. सतराव्या शतकातील दुब्रोव्हनिकचा कवी इव्हान गुंडुलिच (१५८९-१६३८) उच्चासनावर बसला आहे आणि दोन शतकांनंतरचे ल्युदेवित गाइ व त्यांचे इलिरियन चळवळीतील सहकारी त्याच्या वंदनास येत आहेत. दुब्रोव्हनिक आणि झाग्रेब ही परस्परांपासून दूर असलेली नगरे एकाच दृश्यात सामावली आहेत. चित्राचे नाव 'क्रोएशियन राष्ट्राचा नवजन्म'. ऐतिहासिक चित्राने लढाया नि राज्याभिषेक रंगवावेत, हा त्या काळाचा संकेत. बुकोवाचने वाङ्मयीन परंपरेलाच प्रसंगाचे रूप दिले.

ही परंपरा मुळात सलग नव्हती. गुंडुलिचचे दुब्रोव्हनिक हे तुर्की सुलतानाला खंडणी देणारे, परंतु स्वतंत्र प्रजासत्ताक होते. झाग्रेबची सत्ता तेथे नव्हती. १८३०च्या दशकात गाइ यांनी झाग्रेब परिसरातील कायकावियन बोली बाजूला सारून श्टोकावियनला साहित्यभाषा मानले, तेव्हा त्या भाषेला प्रतिष्ठित पूर्वज हवा होता. तो गुंडुलिचच्या रूपाने लाभला. त्याच्या 'ओस्मान' या महाकाव्याचे चौदावे व पंधरावे सर्ग उपलब्धच नव्हते. ते इव्हान माझुरानिच यांनी नव्याने रचले आणि १८४४ साली पूर्ण झालेले काव्य प्रसिद्ध झाले. म्हणजे वारसांनी पूर्वजाला केवळ वंदन केले नाही. त्याची संहिताही त्यांनीच पुरी केली. पडद्यावर वंदन तेवढे दिसते, ही भर दिसत नाही. चित्राचा खरा आशय या वगळण्यात आहे.

चित्रकाराचे नावही असेच घडविलेले होते. दुब्रोव्हनिकजवळच्या त्सावतात येथे इटालियन वंशाच्या घरात तो बियाजो फाज्जोनी म्हणून जन्मला. इटालियन 'फाज्जो' म्हणजे बीच वृक्ष, स्लाव्ह भाषेत 'बुक्वा', त्यावरून बुकोवाच. अकराव्या वर्षी काकांबरोबर तो न्यूयॉर्कला गेला, पुढे पेरू नि सॅन फ्रान्सिस्को येथे राहिला आणि १८७७ मध्ये पॅरिसला काबानेल यांच्याकडे शिकू लागला. बिशप श्ट्रोसमायर यांचे त्याला साहाय्य होते. १८८२ च्या सालोंमध्ये गाजलेले त्याचे 'ला ग्रांद इझा' हे नग्नचित्र एका लोकप्रिय फ्रेंच कादंबरीवर बेतलेले होते, हे येथे विसरता येत नाही : साहित्यकृतीवरून चित्र रचण्याची सवय त्याला 'गुंडुलिचचे स्वप्न' (१८९४) रंगविण्यापूर्वीच जडली होती.

नाट्यगृहाचे उद्घाटन १४ ऑक्टोबर १८९५ रोजी सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या उपस्थितीत झाले. दोनच दिवसांनी विद्यार्थ्यांनी चौकात हंगेरीचा ध्वज जाळला. हंगेरीधार्जिण्या बान खुएन-हेदेर्वारी यांच्या राजवटीत साठ वर्षांपूर्वीचा वाङ्मयीन अभ्युदय रंगविणे निर्धोक होते. त्याच अभ्युदयाचा चालू अर्थ रस्त्यावर मांडणाऱ्यांच्या वाट्याला तुरुंग आला.

बुकोवाचही झाग्रेबमध्ये रमला नाही. मतभेदांनंतर तो त्सावतातला परतला आणि १९०३ पासून प्रागच्या कला अकादमीत प्राध्यापक झाला. 'माझे जीवन' हे त्याचे आत्मचरित्र झाग्रेबमध्ये १९१८ साली, हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. चार वर्षांनी प्रागमध्येच त्याचे निधन झाले.