पिशवी मांडीवर ठेवली तेव्हापासून

मुलं मुंबई-पुण्याला आणि आई-वडील वृद्धाश्रमात, हे रोहा-पेणच्या पट्ट्यात आता नवं नाही. खालचा घटनाक्रम कुणा एका आजोबांचा नाही. लघवीची नळी असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात जंतू कसे भिनतात, तो नेहमीचा रस्ता मी रोह्यातल्या एका कल्पित खोलीत मांडला आहे. आजोबांचं वय ७८. प्रोस्टेटमुळे लघवी अडली म्हणून नळी घातली, त्याला तीन आठवडे झाले.

सोमवार, सकाळी ८. उरले ६३ तास.
आंघोळीसाठी आजोबांना खुर्चीत घ्यायचं आहे. सांभाळणाऱ्या मावशी एकट्या आहेत आणि नळीला जोडलेली लघवीची पिशवी काठोकाठ भरली आहे. पायात अडकू नये म्हणून त्या ती आजोबांच्या मांडीवर ठेवतात. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की नळीतली शिळी लघवी उलटी आत जाते. बऱ्याच पिशव्यांना तोंडाशी झडप असते, पण ती पिशवीतलं अडवते, नळीत साचलेलं नाही. नळी असली की रोज शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभराने जवळजवळ सगळ्यांच्याच. नुसते जंतू सापडणं म्हणजे आजार नव्हे. लघवी तुंबली की ते रक्तात जायला वाट मिळते.

सोमवार, दुपारी १. उरले ५८ तास.
पिशवी रिकामी होते. तोटी बादलीच्या काठाला टेकते. तीच बादली, तेच हातमोजे पुढच्या खाटेकडे जातात.

मंगळवार, पहाटे ४. उरले ४३ तास.
आजोबा कुशीवर वळतात आणि नळी त्यांच्याच मांडीखाली दबते. ती मांडीला पट्टीने बांधलेली नाही. सकाळी पिशवीत जेमतेम काही दिसतं. ‘पाणीच पीत नाहीत,’ असं म्हणून विषय संपतो. चादर उचलून नळी कुणीच पाहत नाही.

मंगळवार, रात्री ९. उरले २६ तास.
सगळं वाचू शकलं असतं ते इथे. कालपर्यंत पेपर वाचणारे आजोबा ताट सरकवतात, पुण्यातल्या नातवाला खोलीत हाका मारतात, मावशींना ओळखत नाहीत. अंगात ताप नाही. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप बरेचदा उशिरा येतो किंवा येतच नाही. आधी भान जातं. वहीत नोंद होते: ‘वयामुळे बडबड.’ एका दिवसात कुणी म्हातारं होत नाही. अचानक बदललेलं वागणं हेच लक्षण, आणि डॉक्टरांना फोन त्याच रात्री जायला हवा.

बुधवार, सकाळी ६. उरले १७ तास.
हुडहुडी. पॅरासिटामॉल, दोन गोधड्या. ताप उतरतो आणि सगळे निर्धास्त होतात.

बुधवार, दुपारी ३. उरले ८ तास.
श्वास मिनिटाला २६, नाडी ११८. सकाळपासून पिशवीत वाटीभर गडद लघवी. मुलाला फोन जातो. ‘संध्याकाळपर्यंत बघू’ असं ठरतं.

बुधवार, रात्री ९. उरले २ तास.
आता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. घरच्यांना पेणचं मोठं हॉस्पिटल हवं, म्हणून गाडी नागोठणे, वडखळमार्गे निघते. रोह्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. पहिली सलाईन आणि पहिलं अँटिबायोटिक तिथेच मिळायला हवं होतं, पुढे कुठे न्यायचं ते नंतर.

बुधवार, रात्री ११.
पेणच्या कॅज्युअल्टीत रक्तदाब ७०/४०. सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गाने कोसळलेला रक्तदाब. कॅनडा-अमेरिकेतल्या रुग्णांवरचा २००६ सालचा अभ्यास सांगतो, की रक्तदाब कोसळल्यावर पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते.

दोष एकट्या मावशींवर ढकलू नका. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा चादर बाजूला करून नळी बघा. पिशवी कमरेच्या खाली लटकलेली असावी, जमिनीला टेकलेली नसावी, पाऊण भरण्याआधी रिकामी व्हावी. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुतले जातात का, ते विचारा. आणि डॉक्टरांना आवर्जून विचारा: ही नळी अजून लागते का? गरज न उरलेली नळी काढून टाकणं, हाच संसर्ग टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.