पिसांतली हवा आणि कोकणातली ओल

डाऊनची स्लीपिंग बॅग ही कोरड्या थंडीतली वस्तू. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात आयडर बदकाचे मऊ पीस भरून स्वतःसाठी कोट करवून घेतला होता. तिथल्या हवेत पिसांना ओलीची फारशी भीती नव्हती. उणे १० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम अडीच ग्रॅम पाणी मावते. सिंधुदुर्गातल्या तळेऱ्यात जुलैमध्ये २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर तेवढ्याच हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. बॅगेसोबत येणारे सूचनापत्रक बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या हवेला गृहीत धरून लिहिलेले असते. ते जसेच्या तसे पाळले तर कोकणात चांगली बॅग दोन पावसाळ्यांत निकामी होऊ शकते. म्हणून इथे आधी ओलीचा हिशेब मांडायचा आणि साबणाचा नंतर.

तळेऱ्यावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. इथून एक रस्ता विजयदुर्गाकडे, म्हणजे समुद्राकडे उतरतो. दुसरा वैभववाडी आणि करूळ घाट करत गगनबावड्याला चढतो आणि पुढे कोल्हापूर गाठतो. एका अंगाला खारा वारा, दुसऱ्या अंगाला गगनबावडा, महाराष्ट्रातल्या सर्वांत पावसाळी ठिकाणांपैकी एक. सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीत भटकायला डाऊनची बॅग लागत नाही, साधी कृत्रिम तंतूंची पुरते. ती लागते हिमालयात जाणाऱ्याला. वर्षातले पंधरा दिवस ती तिकडे वापरली जाते आणि उरलेले साडेअकरा महिने इथल्या कपाटात काढते. तिचे आयुष्य ठरते ते या साडेअकरा महिन्यांत.

बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, वरच्या पिसांच्या आड, मऊ पिसांचा थर असतो, तोच डाऊन. याला मधला कडक दांडा नसतो. एका बारीक केंद्रातून सगळ्या दिशांनी तंतू फुटतात आणि त्या तंतूंना आणखी सूक्ष्म तंतू असतात. हे तंतू एकमेकांना टेकतात, पण गुंतत नाहीत, त्यामुळे मध्ये हवा कोंडून राहते. ऊब देते ती ही स्थिर हवा, पीस नव्हे. पिसाचे काम हवेला जागेवर धरून ठेवण्याचे. फुगवट्याचे माप ‘फिल पॉवर’ या आकड्याने सांगतात. ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पीस ८०० घनइंच जागा व्यापते. लिटरमध्ये हे सुमारे १३ होतात. पाणी उष्णता स्थिर हवेच्या जवळपास चोवीसपट वेगाने वाहून नेते. पीस भिजले की तंतू चिकटतात, गठळी होते, हवा निघून जाते आणि तिच्या जागी पाणी येते. असे दुहेरी नुकसान होते.

पाऊस नसला तरी ओल आत शिरतेच. माणसाच्या त्वचेतून दिवसाकाठी साधारण ४०० मिलिलिटर पाणी नकळत उडून जाते. रात्रीच्या आठ तासांचा वाटा १३० च्या आसपास. यातले बरेचसे बॅगेतून बाहेर पडते, काही पिसांत थांबते. घामासोबत मीठ आणि अंगाचे तेल येते. तेलकट झालेले तंतू एकमेकांना धरून बसतात आणि फुगवटा उतरतो. बॅग धुवायची ती यासाठी. बाहेरच्या कापडावरचा चिखलाचा डाग ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो, त्यासाठी पूर्ण बॅग पाण्यात घालणे म्हणजे तिला विनाकारण त्रास देणे.

आपल्याकडच्या घरांना हा विचार नवा नाही. सावरीच्या कापसाची उशी कोणी पाण्यात बुडवत नाही. अभ्रा धुतात आणि आतला कापूस वैशाखातल्या उन्हात घालतात. डाऊनच्या बाबतीत अभ्र्याचे काम आतले सुती किंवा रेशमी अस्तर करते. जो दर रात्री अस्तरात झोपतो, पायमोजे आणि कपडे कोरडे घालून झोपतो, त्याला बॅग धुण्याची वेळ काही वर्षांनी एकदाच येते. माझ्या मते एवढी एक सवय बाकी सगळ्या उपायांपेक्षा मोलाची आहे.

तरी धुण्याची वेळ आलीच, तर साबण कोणता? पीस केराटिनचे, म्हणजे प्रथिनाचे. लोकर, आपले केस याच कुळातले. रोजची कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि कित्येकांत प्रथिनांचे डाग तोडणारी विकरे असतात. पिसावर नैसर्गिक तेलाचा जो पातळ थर असतो तो अशी पावडर धुऊन काढते आणि पीस ठिसूळ होते. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव तर मुळीच नकोत, त्यांचा लेप तंतूंवर बसतो आणि फुगवटा कमी होतो. ड्रायक्लीनिंगची द्रावणेही तेच तेल नेतात. निकवॅक्ससारख्या कंपन्यांचे खास डाऊनसाठीचे द्रव मिळतात. ते नसतील तर लोकरीच्या कपड्यांचा सौम्य द्रव साबण चालतो, ठरलेल्या मापाच्या निम्मा. रिठ्याबद्दल नेहमी विचारणा होते. रिठ्यातला फेस आणणारा पदार्थ अल्कधर्मी नाही, लोकर आणि शाली त्याने पिढ्यान्‌पिढ्या धुतल्या गेल्या आहेत, तेव्हा पिसाला त्याचा धोका नाही. पण काढा तलम कापडातून दोनदा गाळायला हवा, नाहीतर सालीचे कण शिवणीत अडकतात. फिक्या रंगाच्या नायलॉनवर त्याची पिवळट झाक राहण्याचा संभव असतो.

जांभ्याच्या प्रदेशातले विहिरीचे पाणी बहुधा मऊ असते. मऊ पाण्यात फेस भरपूर होतो आणि लवकर सुटत नाही, म्हणून इथे खळबळण्याचे पाणी चार-पाच वेळा बदलावे लागते. ज्या पाण्याने बादलीला तांबूस थर धरतो, ते लोहाचे पाणी या कामाला घेऊ नये.

धुण्याची कृती साधी आहे, पण हात आवरावा लागतो. आधी भोके तपासून नायलॉनच्या चिकटपट्टीने बंद करायची आणि चेन लावायची. मोठ्या टबात जुनी सुती साडी चौपदरी पसरायची, तिच्यावर कोमट पाणी आणि साबण. कोरडी बॅग पाण्यावर तरंगते, कारण आतली हवा सुटत नाही. तिला तिच्या छोट्या पिशवीत गच्च कोंबायचे, पिशवी पाण्याखाली धरायची आणि तिथेच बॅग हळूहळू बाहेर काढायची, म्हणजे ती फुगताना हवेऐवजी पाणी ओढून घेते. तासभर भिजल्यावर तळव्यांनी दाबायचे. चोळणे, आपटणे, ब्रश मारणे नाही. बॅगेच्या आत जाळीदार कापडाचे पातळ पडदे असतात, पिसे जागच्या जागी राहावीत म्हणून शिवलेले. भिजलेल्या पिसांत कित्येक किलो पाणी साठते. अशी बॅग एका टोकाला धरून उचलली तर सगळा भार या पडद्यांवर येतो आणि ते आतल्या आत फाटतात. ते दुरुस्त करणे जवळपास अशक्य. साडी खाली घातली ती याचसाठी: दोघांनी चार पदर धरायचे आणि झोळी करून बॅग उचलायची. पिळायचे नाही, फळीवर ठेवून दाबत पाणी निथळायचे. मधोमध खांब असलेल्या वरून उघडणाऱ्या यंत्रात बॅग घालू नये, त्या खांबाला अडकून पडदे फाटतात.

आता खरे काम, म्हणजे वाळवणे. हवा किती वेगाने पाणी ओढते हे तिच्या उष्णतेवर नाही, तिच्यात अजून किती वाफ मावू शकते यावर ठरते. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ही तूट सुमारे ०.६ किलोपास्कल. जानेवारीतल्या दुपारी ३१ अंश आणि ४५ टक्के असेल तर सुमारे २.५. चौपट फरक. पातळ सदरा जुलैतही वारा लागून वाळतो. दाट पिसांच्या पोटात वारा शिरत नाही, तिथे वाळण्याच्या आधी वास धरतो आणि मागोमाग बुरशी. यंत्राने वाळवण्यामागचे गणितही हेच. २७ अंशांची ८५ टक्के दमट हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा ३२ टक्क्यांवर येते आणि तूट साडेसहा किलोपास्कलपर्यंत जाते. म्हणून गरम हवेचा ड्रायर भर पावसातही चालतो, मंद आचेवर, सोबत दोन-तीन टेनिस चेंडू टाकून, चार-पाच तास. असे यंत्र बहुतेक घरांत नसते, शहरातल्या मोठ्या लॉन्ड्रीत असते. चूल पेटली की वरच्या वलणीवर कपडे टाकायची आपली पावसाळ्यातली रीत मात्र इथे चालवू नये. धूर पिसांत बसतो तो निघत नाही, आणि एक ठिणगी नायलॉनला भोक पाडायला पुरे.

यंत्र नसेल तर धुणे मार्गशीर्ष ते माघातच. जमिनीपासून उंच, सुंभाच्या बाजेवर जुनी मच्छरदाणी अंथरून बॅग आडवी पसरायची. तारेवर लोंबकळत टाकायची नाही. नायलॉनला कडक ऊन मानवत नाही हे खरे, पण कोकणात ओलीने होणारे नुकसान त्याहून मोठे आहे. वर पातळ पांढरे कापड टाकून सकाळचे दोन-तीन तास ऊन द्यावे आणि मग सावलीतला वारा. जागा निवडताना वर बघावे: मोहोरलेल्या आंब्याखाली तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि सगळे धुणे फुकट जाते. दर दोन तासांनी बोटांनी गठळ्या मोकळ्या करायच्या. पहिल्या दिवशी हाताला ओले लगदे लागतात, दुसऱ्या दिवशी सुपारीएवढ्या गाठी, तिसऱ्या दिवशी हरभऱ्याएवढ्या. दव पडण्याआधी, पाचच्या सुमारास, बॅग घरात आलीच पाहिजे. माजघरात पंख्याखाली ठेवावी.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही. पिसाची ऊब हाताला फसवते. वजन फसवत नाही. फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी, दोन दिवस वारा दिलेल्या बॅगेचे वजन सामान तोलायच्या लटकत्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करावे आणि वहीत लिहून ठेवावे. धुतल्यावर काटा पुन्हा त्या आकड्याला येईपर्यंत वाळवण थांबवू नये. शंभर ग्रॅम जास्त दिसले, तर ते शंभर ग्रॅम पाणीच आहे, बॅग कितीही फुगलेली दिसो. हा काटा महागड्या साबणापेक्षा अधिक उपयोगी आहे.

ठेवण्याच्या बाबतीत सूचनापत्रक सांगते की बॅग दाबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. पहिला भाग सर्वत्र खरा. दुसरा ऑक्टोबर ते मे इथेही चालतो. जूनपासून मात्र सुती पिशवीतून बाहेरची सगळी ओल आत येते. पिसे वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी सहज धरतात, बुरशी रुजते आणि मळ राहिला असेल तर कसरही लागते. डांबरगोळ्यांनी कसर थांबते, पण तो वास पुढच्या तंबूत नाकाशी येतो.

यावर उपाय म्हणजे घरोघरी दिसणारे निळे पिंप, दोनशे लिटरचे, रबरी कडा आणि कडीचे झाकण असलेले. ते स्वच्छ आणि वासरहित हवे. ३० अंशांच्या ८० टक्के दमट हवेत या पिंपात सुमारे पाच ग्रॅम पाणी असते. सातशे ग्रॅम पिसांनी दहा टक्के ओल धरली असेल तर ती सत्तर ग्रॅम. म्हणजे पिंपातल्या हवेची चिंता कमी, पिसांतल्या पाण्याची जास्त. वळीव सुरू होण्याआधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका कोरड्या दुपारी, वहीतला आकडा जुळला की बॅग पिंपात सैल सोडावी. सोबत अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशव्यांत बांधून ठेवावे. ते वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे पाणी धरते, म्हणजे शंभर ग्रॅम. तेवढे पुरते. मग दसऱ्यापर्यंत झाकण उघडू नये.

अडचण होते ती मेअखेरीस हिमालयात सार पाससारखा ट्रेक करून जूनमध्ये परतणाऱ्याची. बॅग घामेजलेली आणि बाहेर मृग लागलेला. अशा वेळी धुण्याचा मोह टाळावा. शेवटच्या तळावर, जिथे हवा कोरडी आहे तिथे, अर्धा दिवस तिला वारा देऊन आणावी. घरी आल्यावर कोल्हापूरला जाणाऱ्या कुणासोबत घाटावर पाठवून ड्रायरमध्ये फक्त तासभर फिरवून घ्यावी, पाणी न लावता. मीठ आणि तेल पिसांत सहा महिने राहिले तर फुगवटा थोडा उतरतो आणि तो धुतल्यावर परत येतो. ओल सहा महिने राहिली तर पीस कुजते. तेव्हा मळकी पण कोरडी बॅग पिंपात घालावी, सिलिका जेल दुप्पट घ्यावे आणि झाकणावर खडूने ‘न धुतलेली’ असे लिहून ठेवावे, म्हणजे डिसेंबरात कोणी ती तशीच उसनी नेणार नाही.