गीझरखालचे पाणी

गॅसवर थंड पाण्याचे पातेले ठेवले की पहिली काही क्षणे त्याच्या बुडावर बाहेरून दव धरते. वर्गात कारण विचारले तर "पातेले गळते" असे उत्तर हमखास येते. खरे म्हणजे ते पाणी ज्योतीतून आलेले असते. मिथेनचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन रेणू तयार होतात, म्हणजे १६ ग्रॅम मिथेनमागे ३६ ग्रॅम पाणी. एक घनमीटर वायू जाळला तर सुमारे दीड लिटर! एरवी ते वाफेच्या रूपाने निघून जाते आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

साठवणीची टाकी नसलेला, वाहते पाणी तापवणारा गॅसचा गीझर लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी १८६८ साली तयार केला. आइसलँडमधील उसळत्या ऊन झऱ्यावरून त्यांनी दिलेले नावच आज आपल्या न्हाणीघरात रुळले आहे. त्या यंत्राला धुराडे नव्हते. जळलेले वायू खोलीतच राहत. ते किती धोक्याचे होते, हे गॅस गीझर वापरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ज्योतीतल्या पाण्याचा हिशेब मांडला तो जर्मनीच्या ह्यूगो युंकर्स यांनी. पुढे विमानांमुळे गाजलेले हे अभियंते त्या वेळी डेसाऊ येथे गॅसच्या इंजिनावर काम करीत होते. इंजिनाला पुरवलेल्या वायूत उष्णता किती, हे नेमके कळावे म्हणून १८९२ साली त्यांनी एक कॅलरीमापी बनवला. मोजून घेतलेला वायू आत जळे, भोवतीच्या नळ्यांतून पाणी वाहत राही, आणि जळलेले वायू जवळजवळ खोलीच्या तापमानाला येऊनच बाहेर पडत. पाण्याचे वजन आणि तापमानातली वाढ यांवरून उष्णता काढता येई. इतके गार झाल्यावर वाफेचे पाणी होणारच. युंकर्स यांनी त्यासाठी खाली वेगळी तोटी ठेवली आणि थेंब मोजपात्रात धरले. इंजिनातून वाफ वाफेच्याच रूपात निघून जाते, तिचा अप्रकट उष्मा इंजिनाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून तो वजा करणे भाग होते. ज्वलनाच्या उष्णतेचे असे दोन आकडे झाले. मिथेनसाठी ते किलोग्रॅममागे सुमारे ५५.५ आणि ५० मेगाज्यूल आहेत.

उष्णता इतकी पूर्णपणे शोषणारे यंत्र म्हणजे उत्तम गीझरच की! युंकर्स यांनी तो बनवला आणि १८९५ साली कारखानाही काढला. पण पुढे कित्येक दशके घरगुती गीझरमधले वायू मुद्दाम ऊनच बाहेर सोडले जात. ऊन वायू धुराड्यातून आपोआप वर चढतो. शिवाय पाणी झाले नाही तर धातू गंजत नाही. कारण हे पाणी शुद्ध नसते. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे विरघळून त्याचा सामू साधारण ३ ते ५ होतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर मात्र ही दहा टक्के उष्णता डोळ्यांत भरू लागली. १९८० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये वाफेचे पाणी करून तिची उष्णता वापरणारे बॉयलर घरोघरी पोहोचू लागले. या शतकाच्या आरंभी जपानमध्ये तसेच टाकीविना गीझर आले. जाहिरातीत त्यांची कार्यक्षमता १०७ टक्के वगैरे छापलेली असते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडलेला नाही. भागाकार लहान आकड्याने केलेला आहे. वरिष्ठ वर्गांसाठी हे चांगले उदाहरण ठरेल.

आता प्रश्न उरला तो थेंबांच्या वाटेचा. तळाशी बेसिनखालच्यासारखा पाणी धरून ठेवणारा ट्रॅप असतो, म्हणजे विषारी वायू नळीवाटे घरात शिरत नाही. यंत्र प्रथम सुरू करण्यापूर्वी तो पाण्याने भरावाच लागतो. पुढची नळी प्लास्टिकची हवी आणि तिला सलग ढाळ हवा. कुठे झोळ पडला की पाणी तिथे साचते, मागे तुंबते आणि यंत्र बंद पडते.

याचा मोठा धडा ब्रिटनला मिळाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून असे बॉयलर जवळजवळ सक्तीचे झाले. पुष्कळ ठिकाणी बारीक नळ्या भिंतीबाहेरून खाली सोडलेल्या होत्या. डिसेंबर २०१० हा तिथला १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. सावकाश ठिबकणारे पाणी नळीतच गोठले आणि ज्या दिवसांत उष्णतेची खरी गरज, त्याच दिवसांत बॉयलर बंद पडले. तात्पुरता उपाय सोपा होता: नळीवर कोमट पाणी ओतायचे, उकळते नव्हे. कायमच्या उपायांत नळी शक्यतो घरातूनच न्यायची, बाहेरची निदान ३० मिलीमीटर व्यासाची आणि वेष्टन घातलेली ठेवायची, मीटरमागे सुमारे ४५ मिलीमीटर ढाळ द्यायचा. मला सर्वांत आवडलेली युक्ती सायफनची आहे. थेंब आधी साठू द्यायचे, आणि पुरेसे झाले की एकदम सोडायचे. गोठायला त्यांना वेळच मिळत नाही.

आम्लासाठी वाटेत चुनखडीच्या खड्यांची डबी बसवतात. खडे विरघळून संपतात, म्हणून ती अधूनमधून उघडून भरावी लागते.