सुट्टी, समुद्र आणि स्मारके



कारखान्यांची पाळी सुटली की बजाजनगरचे रस्ते दुचाकींनी भरून जातात. त्या गर्दीत 'व्ही १५' नावाची मोटारसायकल दिसली, तर तिच्या पेट्रोलच्या टाकीकडे जरा निरखून पाहा. २०१६ साली ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिच्या टाकीसाठी एका मोडीत काढलेल्या युद्धनौकेचा धातू वापरण्यात आला होता. त्या नौकेचे नाव आय.एन.एस. विक्रांत. आपण मराठवाड्याची माणसे. समुद्र आपल्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. जहाजांशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. तो संबंध आहे, आणि सुट्टीत मुलांना घेऊन तो डोळ्यांनी पाहता येतो, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका. इंग्लंडमध्ये अर्धवट बांधून पडलेली ही नौका भारताने १९५७ साली विकत घेतली आणि १९६१ साली ती आपल्या नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरमध्ये दोष होता, त्यामुळे पूर्ण वेगाने धावणे तिला शक्य नव्हते. तरीही बंगालच्या उपसागरात उभी राहून तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार येथे हल्ले केले. १९९७ साली ती निवृत्त झाली आणि २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. पुढे तिचे तळ व पत्रे जीर्ण झाले, दुरुस्तीचा खर्च उचलण्यास कोणी पुढे आले नाही आणि २०१४ साली ती लिलावात विकून तोडण्यात आली.

वाचकहो, युद्धात जी नौका तगली, ती शांततेच्या काळात आपल्याला राखता आली नाही. आज मुंबईत लायन गेटजवळ तिच्या धातूपासून केलेले एक छोटे स्मारक आहे, तेवढेच. २०२२ साली नौदलात आलेली नवी विक्रांत तिचे नाव पुढे चालवीत आहे; परंतु जुन्या नौकेच्या डेकवर उभे राहण्याची संधी तुमच्या मुलांना आता कधीच मिळणार नाही. म्हणून जे शिल्लक आहे, ते वेळेवर पाहून घ्यावे.

आपल्या शहरातून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघालात, तर सकाळी मुंबईस पोहोचाल. तेथून लोकलने पुढचेच स्थानक मशीद. त्या भागात 'इंडियन सेलर्स होम' ही खलाशांची वास्तू आहे. द्वारावर विचारून, परवानगी घेऊन आत जावे. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) मृत्यू पावलेल्या आणि समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे एका नोंदग्रंथात आहेत. तसाच ग्रंथ बांगलादेशात चितगाव येथेही ठेवलेला आहे. देशाच्या सीमा बदलल्या, परंतु नावांची यादी दोन्हीकडे एकच राहिली.

हे खलाशी कोण होते? कोकणातील व कच्छमधील दर्यावर्दी, सिल्हेट आणि पंजाबकडील आगवाले, गोव्याचे खानसामे. रत्नागिरीच्या मुसलमान कुटुंबांतून कित्येक पिढ्या सारंग, तांडेल आणि खलाशी होऊन बाहेर पडल्या. जहाजाच्या पोटात भट्टीपुढे कोळसा ओढणाऱ्यांचे काम सर्वांत कष्टाचे. पाणसुरुंगाचा किंवा टॉर्पेडोचा आघात बहुधा पाण्याच्या पातळीखाली होई, आणि तेथून वर येण्यास त्यांनाच सर्वांत कमी अवसर मिळे. शाळेच्या पुस्तकात महायुद्धाच्या सेनापतींची नावे येतात; या माणसांची येत नाहीत. ती तेथे जाऊनच वाचावी लागतात.

तेथून कुलाब्याकडे या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदलाच्या किनारी तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांकडून होणारा अपमान यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता सुमारे ७८ जहाजे आणि २० हजार खलाशी त्यात सामील झाले. संपसमितीचे अध्यक्ष होते सिग्नलमन एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र फडकले. पाच-सहा दिवसांत संप मागे घ्यावा लागला, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. त्या उठावाचे स्मारक कुलाब्यात उभे आहे. मुलांना तेथे एवढेच विचारा : पोटाच्या प्रश्नावरून उठलेली माणसे धर्म न विचारता एकत्र कशी आली?

आठवड्याची सवड असेल तर दीवला जावे. वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. ९ डिसेंबर १९७१ रोजी याच किनाऱ्यापासून काही अंतरावर आय.एन.एस. खुकरी ही नौका पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना बाहेर पडण्यास मदत केली आणि स्वतः मात्र नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवच्या किनाऱ्यावर या सर्वांचे स्मारक आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली त्याच नावाची दुसरी नौका २०२१ साली निवृत्त झाली. ती आता दीवलाच संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. विक्रांतच्या बाबतीत जे साधले नाही, ते येथे साधले आहे.

पालकांना एक विनंती. अशा ठिकाणी मुलांना घाईने फिरवू नका. चित्र काढून परत फिरण्याऐवजी एक नाव निवडू द्या आणि ते वहीत उतरवून घ्या. जहाजावर गेलात तर तोफांबरोबर स्वयंपाकघर, अरुंद झोपण्याच्या फळ्या आणि इंजिनघर दाखवा. म्हणजे तेथे माणसे राहत होती हे त्यांना कळेल.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीवरून आलात की वहीतील ते नाव वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. त्या खलाशाच्या घरी त्याची कबर नाही. आपल्या वर्गात त्याचे नाव एकदा तरी घेतले जावे.